इंग्रजीची ओढ आणि इंग्रजीची धास्ती

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळापासून तेथे तांब्या-पितळेची भांडी घडवली जात आहेत. हातोड्यांचा आवाज आता पूर्वीसारखा पेठभर घुमत नाही. तरीही मठारकाम जाणणारे कारागीर आजही तेथे आहेत. भांडे आकाराला आले की त्यावर एकाशेजारी एक असे हातोडीचे ठोके ओळीने मारत जायचे, म्हणजे पत्रा कणखर होतो आणि त्याला चकाकी येते. यालाच मठारणे म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या मुले हे काम वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून शिकत आली. ‘तुला शिकायची इच्छा आहे का?’ असे त्यांना कोणी विचारले नाही. तशी गरजच नव्हती. काम कशासाठी शिकायचे हे समोर दिसत होते. ठोका चुकला तर तो भांड्यावर दिसत होता आणि साधला तर तोही दिसत होता. शिवाय त्या आळीत त्यांची बसण्याची हक्काची जागा होती.

अशाच एखाद्या आळीतला, वस्तीतला मुलगा शाळेत इंग्रजीच्या तासाला मात्र खाली मान घालून बसतो. प्रश्न विचारला तर गप्प राहतो. गृहपाठाची वही कोरी असते. शिक्षक कळकळीने शिकवतात, रागावतात आणि शेवटी थकून म्हणतात, “या मुलांना शिकायचेच नाही.” आपल्यापैकी अनेकांनी हे वाक्य ऐकले आहे, कदाचित उच्चारलेही आहे. या वाक्यात एका मुलाच्या साऱ्या भवितव्याचा निकाल लागून जातो. म्हणूनच ते खरे आहे का, हे तपासून पाहिले पाहिजे.

ओढ नाही, असे नाही

इंग्रजी शिकण्याची इच्छा गोरगरिबांत नाही, असे म्हणण्यास पुण्याचा इतिहास तरी आधार देत नाही. कसबा पेठेपासून पायी सहज जाता येईल अशा अंतरावर, बुधवार पेठेतील भिडे वाड्यात, जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली. त्यांचे स्वतःचे शिक्षण मात्र मध्येच थांबले होते. घरी फुलांचा व शेतीचा व्यवसाय होता. मुलाने शिकून करायचे काय, असा आजूबाजूच्यांचा सूर होता. तेव्हा गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघा परिचितांनी गोविंदरावांना समजावले. १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत, स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत, जाऊ लागले आणि १८४७ मध्ये तेथील शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले. पुढे सावित्रीबाईंनीही ‘काव्यफुले’ या १८५४ च्या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. ज्यांना ज्ञानाची दारे बंद होती, त्यांना या भाषेत एक किल्ली दिसली होती.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. जोतीराव बुद्धिमान होते, जिद्दी होते. तरीही त्यांची शाळा सुटली होती. ती पुन्हा सुरू झाली, कारण ‘हा मुलगा शिकू शकतो’ असे दोन मोठ्या माणसांना वाटले आणि त्यांनी ते त्याच्या वडिलांना जाऊन सांगितले. प्रेरणा ही केवळ मुलाच्या मनात उगवणारी गोष्ट नाही. ती माणसामाणसांमध्ये निर्माण होते.

आधुनिक अभ्यासकांनी हा विषय पद्धतशीरपणे हाताळला आहे. कॅनडातील रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९५९ पासून दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या प्रेरणेचे दोन प्रकार मांडले. पहिली प्रेरणा एकरूपतेची: त्या भाषेच्या लोकांत मिसळावे, त्यांच्यातील एक व्हावे ही इच्छा. दुसरी उपयोगाची: नोकरी मिळावी, पुढचे शिक्षण घेता यावे, व्यवहार साधावा ही इच्छा. यांपैकी एकरूपतेची प्रेरणा अधिक बळकट, असा समज त्यानंतर बराच काळ रूढ होता.

या समजाला मोठा छेद गेला तो मराठी मुलांमुळे. यास्मीन लुकमानी यांनी मुंबईतील मराठी भाषक शालेय विद्यार्थ्यांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य वळणापासून तुलनेने दूर असलेल्या घरांतली ही मुले होती. त्यांना इंग्रज व्हायचे नव्हते, की इंग्रजी बोलणाऱ्या वर्गात विरघळून जायचे नव्हते. त्यांना इंग्रजी हवी होती ती उपयोगासाठी. आणि ज्यांची ही उपयोगाची प्रेरणा अधिक तीव्र, त्यांची इंग्रजीही अधिक चांगली, असा संबंध या अभ्यासात आढळला. आपल्या मातीत पाय ठेवून जगाकडे हात पसरणे, असे त्यांच्या वृत्तीचे वर्णन करता येईल. जगभरच्या भाषाशिक्षणाच्या ग्रंथांत आजही या मराठी विद्यार्थ्यांचा दाखला दिला जातो.

तात्पर्य, ओढ आहे. आजही धुण्याभांड्याची कामे करणारी आई पोटाला चिमटा काढून मुलाला इंग्रजी शाळेत घालते. प्रश्न असा आहे की ही ओढ वर्गात गेल्यावर मावळते कशी?

ओढ मावळते कोठे?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते माणसाची शिकण्याची इच्छा टिकून राहायची असेल, तर त्याच्या तीन गरजा भागाव्या लागतात. हे मी माझ्या मनाने करतो आहे, असे वाटले पाहिजे. हे मला जमते आहे, असे दिसले पाहिजे. आणि येथे मी परका नाही, असा आपलेपणा मिळाला पाहिजे. तांबट आळीतील शिकाऊ मुलाजवळ काम जमत असल्याचा पुरावा होता, आपलेपणा होता आणि कामाचा हेतूही त्याला उमगलेला होता. इंग्रजीच्या तासाला बसलेल्या गरीब मुलाजवळ पुष्कळदा यांतील काहीच नसते.

प्रथम ‘जमते आहे’ या गरजेचा विचार करू. देवनागरी लिपी मुलाशी प्रामाणिकपणे वागते. ‘क’ एकदा ओळखता आला की तो ‘कमळ’मध्येही क आणि ‘चाक’मध्येही क. इंग्रजीत मात्र ‘सी’ हे अक्षर ‘कॅट’मध्ये क होते आणि ‘सिटी’मध्ये स. पी-यू-टी पुट, तर बी-यू-टी बट. ‘नाइफ’ लिहिताना सुरुवातीला उच्चारात नसलेला ‘के’ लिहावा लागतो. शिवाय वाक्याची घडण वेगळी: आपण ‘मी आंबा खातो’ म्हणतो, इंग्रजीत ‘मी खातो आंबा’ असा क्रम असतो. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ या उपपदांना तर मराठीत जागाच नाही. ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र येते, कोणी गोष्ट वाचून दाखवते, तेथे मूल हे सारे नकळत उचलते. जेथे एका खोलीत पाच माणसे राहतात आणि शाळेबाहेर इंग्रजी वाक्य कानावर पडतच नाही, तेथे मुलाला एकच मार्ग उरतो: घोकंपट्टी. पाठ केलेले परीक्षेनंतर विसरते. पुढच्या वर्षी पुस्तक अधिक कठीण होते. अर्थ न समजता वर्षे सरतात आणि मुलाच्या मनात एक निष्कर्ष पक्का होतो: ‘हे माझ्यासाठी नाही.’

महाराष्ट्रात पूर्वी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून शिकवली जात असे; २००० साली ती पहिलीपासून सुरू झाली. हेतू चांगला होता. परंतु वर्षे वाढली म्हणून भाषा येतेच असे नाही. ‘असर’ या देशव्यापी पाहणीत २०२२ मध्ये असे दिसले की ग्रामीण भारतात पाचवीतील सुमारे एक चतुर्थांश मुलांनाच इंग्रजीतील साधी वाक्ये वाचता येत होती. ही पाहणी खेड्यांतील आहे, पुण्यासारख्या शहरातील नव्हे. तरीही शिकवणे आणि शिकणे यांतील अंतर तिच्यातून दिसते. एवढ्या प्रचंड संख्येने मुले मागे पडतात, तेव्हा दोष एकेका मुलाच्या आळसात शोधणे न्यायाचे होत नाही.

दुसरी गरज आपलेपणाची. चुकीचा उच्चार केला म्हणून वर्ग हसला, तर दहा वर्षांचे मूल पुन्हा तोंड उघडत नाही. त्याचे मौन आपल्याला उदासीनता वाटते. प्रत्यक्षात ते स्वतःची लाज झाकण्याचे पांघरूण असते. ‘प्रयत्न केला आणि जमले नाही’ यापेक्षा ‘प्रयत्नच केला नाही’ हे मुलाला कमी बोचते. वही कोरी राहते ती यासाठी.

तिसरी गोष्ट स्वतःच्या हेतूची. ‘इंग्रजी आली नाही तर नोकरी मिळणार नाही’ ही धमकी आपण वारंवार देतो. हंगेरीचे भाषाशास्त्रज्ञ झोल्तान डोर्नेई यांनी २००५ मध्ये असे प्रतिपादन केले की भाषा शिकणाऱ्याला पुढे नेते ते भविष्यातील स्वतःचे चित्र: ती भाषा सहज वापरणारा मी. हे चित्र जितके स्पष्ट आणि शक्य कोटीतले, तितके ओढून नेणारे. ज्या मुलाने आपल्यासारख्या घरातील कोणालाही इंग्रजी वापरताना पाहिलेले नाही, त्याच्या मनात हे चित्र उमटणार कसे? धमकीने भीती उत्पन्न होते, चित्र उमटत नाही.

घरची भाषा आणि परकी भाषा

आपलेपणाचा आणखी एक पदर आहे, तो घराचा. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई विवाहानंतर मराठी व पुढे इंग्रजी शिकल्या. पतीचा पूर्ण पाठिंबा होता, पण घरातील स्त्रियांचे टोमणे रोजचे होते. आपल्या आठवणींच्या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात रमाबाईंनी हे सारे संयमाने नोंदवले आहे. नवी भाषा शिकणारी व्यक्ती आपल्यापासून दूर जाईल, आपल्याला कमी लेखेल, ही घरच्यांची भीती फार जुनी आहे. ती आजही आहे, आणि कधी कधी खरीही ठरते. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलीला आईच्या मराठीची लाज वाटू लागते. पालकसभेला ‘तू येऊ नकोस’ असे ती सांगते. जेथे एक भाषा मिळवण्यासाठी दुसरी टाकावी लागते, तेथे मुलाच्या मनाचे दोन तुकडे होतात आणि दुभंगलेले मन नीट शिकत नाही.

वास्तविक अशी निवड करण्याचे कारणच नाही. घरच्या भाषेतून शिकणे मुलाला सर्वाधिक सोपे जाते, ही भूमिका युनेस्कोने १९५३ च्या अहवालातच घेतली होती. कॅनडातील जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये पुढचे पाऊल टाकले: पहिल्या भाषेत कमावलेली वाचनाची व विचार करण्याची ताकद दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. मराठीत गोष्टीचा सारांश सांगता येणाऱ्या मुलाला इंग्रजीत फक्त शब्द शिकावे लागतात. सारांश म्हणजे काय हे शिकावे लागत नाही. म्हणून मराठीचा भक्कम पाया हा इंग्रजीचा अडथळा नसून तिची पायरी आहे. गरीब पालक पदरमोड करून मुलाला कमी फीच्या एखाद्या इंग्रजी शाळेत घालतात आणि तेथे शिक्षकालाच ती भाषा नीट येत नसेल, तर मुलाचे मराठीही कच्चे राहते आणि इंग्रजीही. हे नुकसान सर्वांत मोठे असते.

आपल्या परंपरेत तर याचे उलट्या दिशेने घडलेले उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी आपली मराठी भाषा शिकून घेतली आणि सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. ज्या इंग्रजीपुढे आज आपली मुले बुजतात, ती ज्याची मातृभाषा होती असा माणूस मराठीपुढे विद्यार्थी होऊन बसला. दुसरी भाषा शिकताना ना तिच्यापुढे लाचार व्हावे लागते, ना स्वतःची भाषा टाकावी लागते. मुलांना हा इतिहास जरूर सांगावा.

बार्बियानाची शाळा

गरिबांची मुले आणि भाषा यांचा विचार करताना इटलीतील एका छोट्या गावाचे स्मरण होते. फादर लोरेन्झो मिलानी यांना १९५४ च्या अखेरीस तस्कनी प्रांतातील बार्बियाना या डोंगराळ, आडवाटेच्या धर्मग्रामात पाठवण्यात आले. शाळेतून नापास होऊन बाहेर फेकली गेलेली शेतकऱ्यांची मुले तेथे होती. फादरांनी त्यांच्यासाठी आपल्या घरातच शाळा उघडली. ती दिवसभर चाले, सुट्ट्यांतही चाले. मोठी मुले लहानांना शिकवीत. एखाद्याला समजले नाही, तर सर्वांनी थांबून त्याला समजावून द्यायचे, हा तेथील शिरस्ता. गरीब माणूस मागे राहतो तो त्याच्याकडे शब्द नसतात म्हणून, अशी फादरांची ठाम धारणा होती; म्हणून भाषांवर विशेष भर असे. पुढे ही खेड्यातली मुले परदेशी भाषा शिकण्यासाठी इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स येथे जाऊन कामे करून आली.

या शाळेतील आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून लिहिलेले पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जून महिन्यात फादर मिलानी निवर्तले. ते पुस्तक जगभर गेले. मराठीतही ते ‘प्रिय बाई’ या नावाने आले. नापास झालेल्या मुलांनीच शाळेला विचारलेले प्रश्न त्यात आहेत. २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी बार्बियानाला जाऊन फादर मिलानी यांच्या कबरीजवळ प्रार्थना केली.

त्या इटालियन शाळेत दोन इंग्रजी शब्द लिहिलेले होते: ‘आय केअर’. मला त्याची पर्वा आहे, ते माझ्या जिव्हाळ्याचे आहे, असा त्याचा अर्थ. शाळेने मुलांना परकी भाषा शिकवली, पण प्रेरणेचे भाषण दिले नाही. ‘तुमची आम्हाला पर्वा आहे’ हे मुलांना रोज अनुभवू दिले.

आपल्याला काय करता येईल?

अनेक धर्मग्रामांत सायंकाळी मोकळे पडून असलेले सभागृह आहे. निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत, महाविद्यालयात शिकणारे युवक-युवती आहेत. वह्या-पुस्तके व फी यांसाठी संत व्हिन्सेंट दी पॉल संस्थेसारख्या संस्था मदत करतात. त्यापुढचे पाऊल म्हणजे मुलाला आपला वेळ देणे. असा वर्ग चालवू इच्छिणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

मुलाला जे येते तेथून आरंभ करावा. बस, तिकीट, पास, सिलिंडर, रेशनकार्ड, रिचार्ज, बॅलन्स, रिपोर्ट, इंजेक्शन, चार्जर: वस्तीतील मूल असे कितीतरी इंग्रजी शब्द रोज वापरते. ते फळ्यावर लिहून दाखवले की ‘मला इंग्रजी येत नाही’ हा समज पहिल्याच दिवशी डळमळतो.

आधी कान आणि तोंड, मग लेखणी. छोटी वाक्ये ऐकू द्यावीत, बोलू द्यावीत. स्पेलिंगची परीक्षा पहिल्या आठवड्यात घेऊ नये. अडेल तेथे मराठीतून निःसंकोच समजावावे.

यश लहान असावे, पण डोळ्यांना दिसणारे असावे. औषधाच्या पाकिटावरील मुदत वाचता येणे, बँकेचा अर्ज भरता येणे, मेट्रोच्या स्थानकातील फलक वाचता येणे. मुलाने आजीच्या औषधाची तारीख वाचून दाखवली की इंग्रजी कशासाठी, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. आणि घरालाही ती भाषा परकी वाटत नाही.

चूक सर्वांसमोर उगाळू नये. मूल चुकीचे वाक्य बोलले, तर आपण तेच वाक्य बरोबर करून सहज उच्चारावे आणि पुढे जावे. हसण्याला मात्र वर्गात थारा नसावा.

बक्षिसांवर भिस्त ठेवू नये. डेसी यांनी १९७१ मध्ये केलेल्या प्रयोगात कोडी सोडवण्यासाठी पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांचा त्या कोड्यांतील रस पैसे थांबल्यावर कमी झालेला दिसला. पेन्सिलीचे बक्षीस क्षणभर आनंद देते. ‘मागच्या महिन्यात तुला हे वाचता येत नव्हते, आज आले’ हे वाक्य अधिक काळ टिकते.

मुलांच्या घरासारख्याच घरांतून पुढे गेलेल्या व्यक्तींना बोलवावे. रुग्णालयातील परिचारिका, हॉटेलातील आचारी, पर्यटकांची गाडी चालवणारा चालक, असे कोणी. त्यांनी आपल्या चुकाही सांगाव्यात. मुलाला दूरचा आदर्श नको असतो. पोहोचता येईल असा हवा असतो.

आणि शिक्षण न झालेल्या आईवडिलांनी स्वतःला निरुपयोगी समजू नये. रोज दहा मिनिटे ‘मला वाचून दाखव’ म्हणून आईने समोर बसावे. तिला अक्षर कळले नाही तरी चालेल. आपले वाचन ऐकण्यासाठी कोणी काम बाजूला ठेवते, ही जाणीव मुलाला पुरते.

अर्थात, प्रेरणा सारे काही करू शकत नाही. उपाशी मुलाला, कामावर जाणाऱ्या मुलाला, आजारी आईची शुश्रूषा करणाऱ्या मुलीला प्रथम त्या अडचणीतून सोडवावे लागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याची तरतूद केली. अल्पसंख्याक संस्थांना हा कायदा लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. म्हणून आपल्या संस्थांपुढे हा प्रश्न कायद्याचा न राहता विवेकाचा झाला आहे. एवढेही विसरू नये की इंग्रजी हे बुद्धीचे मोजमाप नाही. ती एक किल्ली आहे. ती ज्याच्या हाती नाही, तो कमी प्रतीचा ठरत नाही.

तांबट आळीतील कारागीर पत्र्याला ‘तुला भांडे व्हायचेच नाही’ असे म्हणत नाही. तो ठोका कोठे पडला ते पाहतो, भांडे हातात फिरवतो आणि पुढचा ठोका जपून मारतो. आपल्या मुलांच्या बाबतीत एवढा धीर आपण धरला, तर ‘या मुलांना शिकायचेच नाही’ हे वाक्य उच्चारण्याची वेळ फारशी येणार नाही.